बिनखिडकीचं न्हाणीघर

करांगदुवुर, ४ ऑगस्ट १९९६

नुनिक,

तुझं पत्र पोचलं आणि आतला फोटोही पोचला. पत्र लावून वाचायला मला दोन दुपारी लागल्या. शाळेत तू सहा वर्षं काढलीस आणि मी तीन, तरी अक्षर माझं बरं. तुझं म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसं.

फोटोतलं न्हाणीघर कातेमीला दाखवलं. कातेमी म्हणजे आपली शेजारीण, विसरली असशील हाँगकाँगला जाऊन. ती म्हणाली, "हे न्हाणीघर? मला वाटलं बँक."

बांधायचं तर आहेच. आपली आई, सिंबोक, गेल्या पावसात विहिरीच्या कडेला घसरली, ते तुला कळवलं होतं. कंबर सुधारली, पण अजून भिंत धरून चालते. आता पुन्हा पडली तर म्हातारी उठणार नाही, हे मला दिसतंय. आणि ती ऐकते का? रोज पहाटे लुगडं छातीशी बांधून त्याच शेवाळावर उभी. मी ओरडते, ती पाणी ओतत राहते.

प्रश्न जागेचा आहे. स्वयंपाकघराच्या मागे जागा आहे ती विहिरीचीच. बाकी कातेमीची हद्द लागते. विहीर बुजवल्याशिवाय तुझी बँक उभी राहत नाही. काय करायचं ते लवकर कळव, गवंडी पाक गिमुन भातकापणी लागली की कुणाला भेटत नाही.

पोनिराह


हाँगकाँग, २५ ऑगस्ट १९९६

म्बाक पोनी,

विहीर बुजव. मला पण वाईट वाटतं, बापाने हाताने खणलेली आहे. पण बाप गेला, आणि आपल्याला सिंबोक ठेवायची आहे.

कसं हवं ते नीट लिहिते. खाली घसरणार नाही अशी खरबरीत फरशी. भिंतींना गुलाबी टाइल्स छातीपर्यंत. बसायचा संडास, तिला उकिडवं बसवत नाही. आणि टब. टब हवाच. तिला उभं राहून पाणी ओतायला नको, कोमट पाण्यात बसून राहू दे. शेजारी धरायला नळीची दांडी.

खिडकी ठेवू नकोस. पाक गिमुन ठेवायची म्हणेल, तर फोटो दाखव. इथे कुणाच्याच न्हाणीघराला खिडकी नाही. ओल्या अंगाला वारा लागला की म्हाताऱ्या माणसांची छाती धरते. आतली ऊब आतच राहिली पाहिजे. या खोलीची मला इंच न इंच माहिती आहे, घासते मीच.

सिंबोकशी भांडू नकोस, म्बाक, थोरली बहीण आहेस तू. तू बोलायला लागलीस की आपण बाजारात आहोत असं वाटतं.

तुझी धाकटी दिक,
नुनिक


करांगदुवुर, २२ सप्टेंबर १९९६

नुनिक,

बाजारात वाटतं तर वाटू दे. बाजारात निदान कामं होतात.

विहीर बुजली. म्हणजे वरून बंद केली, आत माती ओतत बसलो नाही. लोखंडी सळया, वर सिमेंटची लादी. पाक गिमुन आधी विटेला हात लावेना. म्हणाला, "बाई, मेलेल्या माणसाचं नाक कापसाने बुजवतात. विहीर मेलेली नसते. तिला पाइप ठेवा, नाहीतर घरातल्या कुणाचा तरी श्वास ती मागून घेईल." मी म्हटलं, घाल बाबा पाइप, पण आज घाल. माझा यावर विश्वास आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण जे सगळे करतात ते आपण केलं नाही आणि काही झालं, तर गाव मला जगू देईल?

सिंबोक सगळा वेळ विडा चघळत बसून होती. लादी टाकताना एवढंच म्हणाली, "झाक. पण नाक मोकळं ठेव तिचं."

मग कातेमीचं सुरू झालं. पाइप मी बाहेरून, भिंतीला लागून वर नेणार होते. त्या बाजूला तिची चूल. तर ही बया पदर खोचून उभी. "तुमच्या विहिरीचा श्वास माझ्या भाताच्या पातेल्यात? माझी लेक पाच महिन्यांची पोटुशी आहे!" मी म्हटलं, श्वास आहे, मांजर नाही पातेल्यात पडायला. ती म्हणाली, "ज्याची विहीर, त्याच्या घरात तिचा श्वास." पाक गिमुनने पण मान डोलावली. बाकीच्या म्हाताऱ्यांनीही. बोलण्यात तथ्य आहे, आपलं दुसऱ्याच्या अंगावर का सोडा? मग पाइप आतच ठेवला. बेसिनच्या खाली, गुडघ्याएवढा, तोंडाला जाळी. बाहेरून कुणाला दिसत पण नाही.

संडासाच्या खड्ड्याचं मी बघितलंय. त्यात तू डोकं घालू नकोस.

पोनिराह


हाँगकाँग, २० ऑक्टोबर १९९६

म्बाक,

पाइप आत घेतलास ते छान झालं. बाहेर नळकांडं उभं असतं तर लोक म्हणाले असते, हाँगकाँगच्या पैशाने गिरणी टाकली. बेसिनखाली एक छोटं दार कर, दिसणारही नाही. पण जाळी बुजवू नकोस हं. देव जाणे.

तू पाठवलेल्या फोटोत मागे कुठे उकरलेली माती दिसत नाही. खड्डा कुठे खणला? मी डोकं घालत नाही, नुसतं विचारते.

दार घट्ट बसलं पाहिजे. आपल्याकडे दाराखालून बेडूक येतात आणि सिंबोक बेडकाला घाबरून पाय उचलते. पाय उचलला की गेली.

मॅडम ओरडते आहे. बाकी पुढच्या पत्रात.

नुनिक


करांगदुवुर, १ डिसेंबर १९९६

नुनिक,

झालं एकदाचं. पाहुणे बोलावून भात वाढला, आपल्या छोट्या नमाजघराच्या, लांगारच्या इमामाने दुआ म्हटली. अर्ध्या गावाने आत जाऊन टबात बसून बघितलं. कातेमीचा नवरा टबात इतका वेळ बसला की तिने शेवटी त्याला कानाला धरून काढला. "घरी म्हशीचं डबकं आहे तुझ्यासाठी," म्हणाली.

आता वाईट ते पण ऐक. सुरुवातीला आत सडक्या अंड्यासारखा वास यायचा. पाक गिमुन म्हणाला नवं सिमेंट आहे. वास स्वयंपाकघरात यायला लागला तेव्हा मी दाराच्या चारी बाजूंनी सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकून घेतली. आता दार लावलं की डबीचं झाकण. बेडूकच काय, मुंगी शिरणार नाही. आणि वास पण गेला. आत शिरताना येतो, मग दोन श्वासांत येईनासा होतो. नाकाला सवय झाली की झालं.

पण सिंबोक पाऊल टाकत नाही. कातेमीच्या हातपंपावर जाऊन आंघोळ करते. दोन-दोन पोरी असून म्हातारी दुसऱ्याच्या दारात ओली उभी! लोक मला काय म्हणत असतील? विचारलं का जात नाहीस, तर म्हणते, "विहीर माझ्याकडे बघते." मी म्हटलं, विहिरीवर लादी आहे. म्हणते, "म्हणूनच."

आणि काल त्या पंपापाशी घसरता घसरता वाचली. कातेमीने दंड धरला म्हणून. आता तू काहीतरी लिही तिला. माझं ऐकत नाही, तुझं पत्र आलं की दिवसभर कमरेला खोचून फिरते.

पाऊस लागून राहिलाय. माझं डोकं दुखतं हल्ली. वयाचं असेल.

पोनिराह


हाँगकाँग, १५ डिसेंबर १९९६

म्बाक,

हे खालचं सिंबोकला वाचून दाखव. मोठ्याने, पण ओरडून नको.

"सिंबोक, मी परदेशात दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. साहेबांच्या आईला टबात बसवते, पाठ चोळते, आणि दर वेळी मनात म्हणते, ही माझी आई नाही. ते न्हाणीघर मी तुझ्यासाठी बांधलं. मला तिथे येऊन तुझी पाठ चोळायची आहे, पण ईदेशिवाय सुट्टी नाही. तोवर एकदा, उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पादुसानची आंघोळ तरी तिथे कर. सगळं गाव त्या दिवशी अंग धुऊन घेतं. तू पण घे. मला इकडे कळेल."

आता तुला. म्बाक, रागावू नकोस. तू तिला जन्मभर घाई केलीस. जेवताना घाई, चालताना घाई, नमाजाला बसली तरी तू दारात भांडी वाजवतेस. म्हणून ती पळते पंपावर. त्या दिवशी तिला तिचा वेळ घेऊ दे. दारावर थापा मारू नकोस. कोमट पाण्यात पडू दे तिला, हवं तितकं.

एवढंच कर माझ्यासाठी.

नुनिक


करांगदुवुर, २६ डिसेंबर १९९६

नुनिक,

वाचलं. ओरडून वाचलं नाही. ती रडली, मग मला म्हणाली, "तू का रडत नाहीस?" मी म्हटलं, माझ्या चुलीवर टेंपे जळतंय.

पादुसानला जाईन म्हणाली. शब्द दिलाय.

घाईचं तू लिहिलंस ते मला लागलं. चार माणसांचं काम एकटी करते, नवरा कालिमांतानात लाकडं तोडतो, तुला घाईशिवाय दुसरं काय दिसणार? पण ठीक आहे. खरं असेल. त्या दिवशी तोंड शिवून बसेन.

आणि खड्डा खड्डा काय लावलंयस? सांगून टाकते. खड्डा खणलाच नाही. संडासाचं सगळं जुन्या विहिरीत सोडलंय. पाक गिमुनच म्हणाला, एवढी खोल तयार असताना दुसरा खड्डा खणणारा वेडा. गावात निम्म्यांनी तेच केलंय. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस बापाची विहीर. बापाने पाण्यासाठी खणली होती, आता पाणी हातपंपाने येतं, मग ती काय पूजेला ठेवायची? सिंबोकला माहीत आहे. बोलली नाही, पण तेव्हापासूनच आत जात नव्हती असं आता वाटतं.

बाकी न्हाणीघर छान आहे. एकच कटकट. संध्याकाळी वीज जाते, मग मेणबत्ती न्यावी लागते. फळीवर ठेवली तर जळते, टबाच्या काठावर ठेवली की विझते. तीन वेळा झालं. हल्ली बाजारातल्या मेणबत्त्यांत मेण कमी आणि पाणीच जास्त. परवा टबात दोन पाली मेलेल्या सापडल्या, पाय वर करून. मी पण टब घासायला वाकले, तर उठताना डोळ्यांपुढे काळं आलं, बेसिन धरून उभी राहिले. मेल्या रक्ताचं काहीतरी असेल. कातेमी म्हणते केळफूल खा.

पाऊस असा की शेतात गुडघाभर पाणी. लादीखाली विहीर चढली असणार, पाइपमधून गुडगुड ऐकू येते. श्वास घेते म्हणायची.

पोनिराह


हाँगकाँग, ७ जानेवारी १९९७

म्बाक,

हे पत्र मिळेल तिथे उभ्या उभ्या वाच. न्हाणीघरात कुणी जाऊ नका. तू नाही, सिंबोक नाही, कुणीच नाही. दार उघडं टाक आणि पाक गिमुनला सांगून भिंत फोड. टाइल्स गेल्या तर जाऊ देत.

तुझं पत्र काल मिळालं. विहीर उपसायला उतरायच्या आधी बाप काय करायचा, आठव. दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला की म्हणायचा, आज नको, आज खाली वारा वाईट आहे. म्बाक, तुझी मेणबत्ती टबापाशी विझते. फळीवर विझत नाही. ती पाण्याची मेणबत्ती नाही. तो वाईट वारा विहिरीतून त्या पाइपने येतो आणि टबात पाण्यासारखा साठतो. म्हणून पाली मेल्या. म्हणून तुझ्या डोळ्यांपुढे काळं आलं. आणि मीच तुला म्हटलं, तिला टबात पडू दे.

अजून एक. मी या न्हाणीघरातच झोपते. साडेतीन वर्षं. टबावर फळी टाकून, वर पातळ गादी. घरात दुसरी जागा नाही. तुला काय लिहायचं, सगळ्यांना वाटतं मी महालात राहते. इथे खिडकी नाही ते खरं आहे. पण छतात एक यंत्र आहे, आतली हवा ओढून बाहेर टाकतं, अखंड घरघरतं. त्या आवाजाने मला वेड लागायची पाळी येते. म्हणून तुला त्याचं लिहिलंच नाही. मला माझ्या घरात ते यंत्र नको होतं. ते कशासाठी आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात समोरच्या इमारतीत नवराबायको बंद न्हाणीघरात गुदमरून मेली. गॅसच्या बंबाने म्हणे. आपल्याकडे बंब नाही, पण बंद खोली तीच. चौकीदाराने सगळ्या मजल्यांवर कागद लावला, साहेबांनी मला वाचून दाखवला, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

मला रविवारशिवाय बाहेर सोडत नाहीत. साहेबांच्या पाया पडले. ते उद्या सकाळी ऑफिसातून तार करतील, पत्ता चिठ्ठीवर लिहून दिलाय. पादुसान परवा. तार पोचेल. पोचलीच पाहिजे.

नुनिक


करांगदुवुर, ९ जानेवारी १९९७, गुरुवार

नुनिक,

आज पादुसान. म्हणून तुला आजच लिहिते, म्हणजे तुझ्या जिवाला बरं वाटेल.

सकाळी सिंबोकला घेऊन कबरस्तानात गेले, बापाच्या कबरीवरचं गवत काढलं, फुलं टाकली. परत येतो तर कातेमी कुंपणावरून ओरडते, "पोस्टमन येऊन गेला! अंगठा लागतो म्हणाला, मला दिलं नाही. आगाऊ कुठला!" उद्या पुन्हा येईल. तुझा पैशाचा कागद असेल, तो काय पळून जातोय?

मग तांदळाचे आपेम केले. कातेमीकडे दिले, लांगारमध्ये पाठवले. ती म्हणाली मीठ कमी आहे. मी म्हटलं तोंडात जीभ जास्त आहे.

पाणी तापवून टब भरला. गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. सिंबोक दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मय्यताला घालतात तशी फुलं टाकलीस." मी काही बोलले नाही. बघ, बोलले नाही. तिचं लुगडं सावरलं, हात धरून टबात बसवली. एवढीशी झालीय गं. पाण्यात बसली तर नुसती हनुवटी वर. मग मला म्हणाली, "जा बाहेर, मला लाज वाटते." मी दार ओढून घेतलं. ऊब आत राहू दे म्हणून नीट दाबून बसवलं.

आता दाराबाहेर पाट टाकून बसलेय आणि लिहितेय. तुला खोटं वाटेल. पोनिराह हातावर हात ठेवून बसलीय.

आधी गाणं म्हणत होती. ते जुनं, भात कांडतानाचं. लहानपणी आपण झोपायचो ते ऐकून. मग म्हणाली, "पोनी, छान आहे गं. अंग हलकं हलकं वाटतंय." मी म्हटलं, महिनाभर हेच सांगत होते. ती हसली. मग म्हणाली, "झोप येतेय." मी म्हटलं, झोप मग, तुला कोण उठवतंय?

त्यानंतर गप्प आहे. पाण्याचा आवाज पण नाही.

एरवी मी आतापर्यंत दार धडधडवलं असतं. हात उचलला पण होता. मग तुझं आठवलं आणि खाली घेतला. पन्नास वर्षांत तिला कुणी असं पडू दिलं नसेल. भात लावताना वाकलेली, बाप आजारी असताना वाकलेली, आपल्या दोघींच्या मागे वाकलेली. पडू दे. लांगारमध्ये ढोल वाजायला लागलाय, कातेमी हाका मारतेय, वस्तीतली पोरंबाळं ओल्या केसांनी फिरतायत. मी कुणाला ओ देत नाहीये.

तू म्हणायचीस ना, म्बाकला थांबता येत नाही. बघ, थांबलेय. पाणी निवलं की तिची ती उठेल. मी हाक मारणार नाही.

पोनिराह